चूक यंत्राची की माणसाची?

मंठ्यात आमची घरे मोजकीच आहेत. महिना-दीड महिन्यातून एकदा मी तिकडे जातो. एखाद्या घरी प्रार्थना होते, आजाऱ्यांची विचारपूस होते, चहा होतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने मी परततो. जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. उत्तरेला पूर्णा नदी, तिच्या पलीकडे लोणारचे सरोवर. शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची; सोयाबीन, कापूस आणि तूर ही इथली पिके. मृग नक्षत्र जवळ आले की गावातील प्रत्येक बोलण्याला पेरणीचा वास येऊ लागतो. गेल्या वर्षी अशाच मृगाच्या तोंडावर मी मंठ्याला गेलो असता एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. त्याला मी तत्काळ उत्तर दिले आणि ते उत्तर किती उथळ होते, हे परतीच्या प्रवासात माझ्या ध्यानात आले. वाचकांपुढे आज तोच प्रश्न मांडावा असे वाटते.

हा तरुण आय.टी.आय. झालेला. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्याने दहा वर्षे काम केले आणि वडील थकल्यावर तो गावी परतला. येताना त्याने भंगाराच्या भावात एक जुने मिलिंग मशीन विकत आणले. मशीनचे लोखंड धडधाकट होते. बिघडला होता तो त्याचा मेंदू, म्हणजे संगणकीय नियंत्रक, ज्याला कारखान्यांतून कंट्रोलर म्हणतात. नवा कंट्रोलर बसवायचा तर मशीनला मोजली त्याहून अधिक रक्कम लागणार होती. तेव्हा कोणीतरी त्याला सांगितले की, साध्या जुन्या संगणकावर चालणारे आणि अशा यंत्रांना हुकूम देणारे एक सॉफ्टवेअर जगात विनामूल्य मिळते. त्याचे नाव लिनक्ससीएनसी. त्याने ते मिळवले, रात्री जागून शिकला, मोटारी आणि त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर जोडले आणि चार महिन्यांनी ते निर्जीव धूड हलू लागले. त्या दिवशी त्याच्या आईने मशीनला हार घातला होता, असे तो हसत सांगतो.

काम मिळाले ते पेरणी यंत्राच्या चकत्यांचे. जुन्या पद्धतीत तिफणीच्या चाड्यावर मूठ धरावी लागे. बियाणे मुठीतून किती आणि कसे सुटावे हे त्या हाताला ठाऊक असे. चांगली मूठ धरणाऱ्याला गावात मान होता. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात त्या मुठीची जागा एका गोल चकतीने घेतली. चकतीच्या कडेला ठरावीक मापाची घरे असतात. प्रत्येक घरात बी बसते, चकती फिरते आणि बी खाली नळीत पडते. घर जागच्या जागी नसेल तर बी अडकते किंवा फुटते. सोयाबीनच्या बियाचे टरफल आधीच नाजूक. त्याला थोडा मार बसला तरी उगवण घटते. तेव्हा चकतीतील अर्ध्या मिलिमीटरचा दोष शेतात गेल्यावर अर्ध्या मिलिमीटरचा राहत नाही. तासामागून तास रिकामी राहण्याची भीती असते आणि मग दुबार पेरणी. दुबार पेरणीचा अर्थ मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आठ-दहा दिवस चकत्या बनत होत्या. मग एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आले की, दिवसाच्या शेवटी बनलेली चकती सकाळच्या चकतीशी जुळत नाही. सगळी घरे एका अंगाला सरकलेली. शेवटच्या चकत्या उघड बिघडलेल्या होत्या, त्या त्याने बाजूला टाकल्या. पण मोजू लागल्यावर दिसले की, सकाळच्या चकत्याही पुऱ्या निर्दोष नव्हत्या. पहिले घर बरोबर आणि शेवटचे घर सुमारे अर्धा मिलिमीटर दूर. अशा अकरा चकत्या आसपासच्या गावांत विकल्या गेल्या होत्या.

दोष शोधण्यास त्याला तीन रात्री लागल्या. तो शोध त्याने मला वहीत आकृत्या काढून समजावला. त्याच्या मशीनमधील मोटार पावलापावलाने फिरते. दोनशे पावलांचा एक फेरा. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे दहा भाग करतो, म्हणजे फेऱ्याला दोन हजार ठोके. एका फेऱ्यात मशीनचे टेबल ५ मिलिमीटर सरकते. म्हणजे मिलिमीटरला ४०० ठोके आणि एका ठोक्यात ०.००२५ मिलिमीटर. संगणक एका तारेने ठोका पाठवतो आणि दुसऱ्या तारेने दिशा सांगतो. दिशा बदलली की ती ड्रायव्हरपर्यंत पोचण्यास क्षणभर अवधी द्यावा लागतो आणि मगच पहिला ठोका पाठवावा लागतो. ड्रायव्हरला हा अवधी २० मायक्रोसेकंदांचा हवा होता. याने सॉफ्टवेअरमध्ये भरला होता ५. परिणाम असा की, एका बाजूने वळताना पहिला ठोका जुन्याच दिशेने पडे. दुसऱ्या बाजूने वळताना मात्र दिशेची सूचना वेळेत पोचत असल्याने ती चूक भरून निघत नसे. एका वळणाला दोन ठोक्यांचा फरक, ०.००५ मिलिमीटर. डोळ्यांनाच काय, साध्या मापकालाही न दिसणारा. पण चकतीत २४ घरे आणि प्रत्येक घर कोरताना चार फेरे. ९६ वळणे झाली की फरक ०.४८ मिलिमीटर. पुढची चकती तेथून सुरू होणार.

आधी त्याने सगळा संशय लोखंडावर घेतला. स्क्रू आवळले, जोड तपासले, तारा हलवल्या, वेग कमी केला. शेवटी त्याने एक साधी परीक्षा केली. टेबल एकदाच ३०० मिलिमीटर पुढे नेऊन परत आणले. डायल गेजचा काटा शून्यावर आला. मग तेच टेबल एक-एक मिलिमीटर शंभर वेळा मागेपुढे केले. काटा अर्धा मिलिमीटर दूर थांबला. चूक अंतराची नसून वळण्याची आहे हे त्याला कळले आणि मग सॉफ्टवेअरबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत त्याला तो अवधीचा आकडा सापडला. “फादर,” तो म्हणाला, “सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? काटा अर्धा मिलिमीटर लांब होता आणि संगणकाच्या पडद्यावर आकडा होता शून्य. त्याला काही ठाऊकच नव्हतं.”

हे सांगून झाल्यावर तो गप्प बसला. तेव्हा दारात उभी असलेली त्याची पत्नी म्हणाली, “अहो, विचारा ना आता फादरांना, जे विचारायचं आहे ते.”

प्रश्न असा होता. ते सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवले आहे की, याची कोणतीही हमी आम्ही देत नाही. ड्रायव्हर विकणारा म्हणतो, माहितीपत्रक वाचायला हवे होते. यंत्राला तर काही कळतच नाही. मग ही चूक कोणाची? आणि त्या अकरा शेतकऱ्यांना सांगण्याचे बंधन त्याच्यावर आहे काय? बी उगवले नाही तर ते बियाण्याला दोष देतील, पावसाला देतील. चकतीकडे कोणी पाहणार नाही.

मी म्हणालो, “सांगून टाक. सत्य सांगितल्याने कोणाचे नुकसान होत नाही.”

तो शांतपणे म्हणाला, “होतं, फादर. तुमच्या मागे बँकेचा हप्ता नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवसांनी फोन करतो, एवढेच मी म्हणालो आणि निघालो.

*

एस.टी.त बसल्यावर प्रथम मनात आले ते त्या ‘हमी नाही’ या वाक्याविषयी. वरवर पाहता ते हात झटकणारे वाक्य वाटते. पण त्यामागचा इतिहास तसा नाही.

संगणकाच्या आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स या कारखानदाराची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाकडे आकार अचूक कापण्यासाठी त्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस आकड्यांचा आधार घेतला. पुढे एमआयटी या संस्थेत १९५२ साली असे पहिले मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. नंतरची अनेक वर्षे ही विद्या मोठ्या कारखान्यांच्या आणि महागड्या बंद पेट्यांच्या हाती राहिली. पेटीच्या आत काय आहे हे विकत घेणाऱ्यालाही कळत नसे. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या शासकीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, यंत्रनियंत्रणाचे एक सॉफ्टवेअर तयार केले. तेथील कायद्याप्रमाणे शासकीय सेवकांनी केलेल्या अशा कामावर देशात कोणाचा स्वामित्वहक्क राहत नाही. ते सर्वांचे होते. जगभरच्या हौशी आणि जाणत्या माणसांनी ते उचलले, वाढवले, सुधारले. त्याचे पहिले नाव ईएमसी. त्याच नावाच्या एका मोठ्या कंपनीने हरकत घेतल्यावर २०११ साली ते लिनक्ससीएनसी झाले. मंठ्यातील त्या पत्र्याच्या शेडमध्ये चालत होते ते हेच.

अशा सॉफ्टवेअरमागे एक नैतिक विचार आहे आणि तो रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाच्या एका साध्या अनुभवातून स्पष्ट होतो. १९८०च्या सुमारास एमआयटीतील त्याच्या प्रयोगशाळेत एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडके. आधीच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने अशी सोय केली होती की, कागद अडकल्याबरोबर वाट पाहणाऱ्यांना संदेश जावा. नव्या यंत्राच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मात्र त्याला पाहू दिला गेला नाही. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाजवळ तो होता. पण गुप्ततेचा करार केला असल्याने त्याने देण्यास नकार दिला. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन देणे योग्य आहे काय, हा प्रश्न स्टॉलमनच्या मनात रुतला आणि १९८३ साली त्याने मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्याची घोषणा केली. त्यात चारी बाजूंनी मोकळीक आहे: कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्यास द्यावे.

आता ‘हमी नाही’ या वाक्याकडे पुन्हा पाहावे. एखाद्याने उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घातली, तर रांजणात घाण पडू न देणे हे त्याचे कर्तव्य आहे. पण तेच पाणी कोणी जखम धुण्यास नेले आणि जखम चिघळली, तर पाणपोईवाल्यास दोष देता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर देणारा म्हणतो: माझ्याजवळचे सगळे मी उघडे करून दिले आहे, तुझे यंत्र कोणते, तू त्यावर काय कापणार, हे मला ठाऊक नाही, तेव्हा तुझ्या कामाची ग्वाही मी कशी देऊ? हे उत्तर प्रामाणिक आहे. बंद पेटी विकणारा पाहण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतो, तेव्हा जबाबदारीचा मोठा वाटाही त्याच्याकडे राहायला हवा. पेटी उघडी करून देणारा अधिकार देतो आणि त्याबरोबर जबाबदारीही देतो. पाहण्याची मुभा घेतली की पाहण्याचे कर्तव्य अंगावर येते. फुकट मिळालेल्या वस्तूचे मोल पैशात द्यावे लागत नाही. ते काळजीत द्यावे लागते.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. मंठ्यातील कारागिराने इंग्रजीतील ती अवजड पुस्तिका आणि लाखो अक्षरांचे सॉफ्टवेअर वाचून काढावे, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? नाही. कर्तव्य सामर्थ्याच्या मापाने ठरते. सॉफ्टवेअर वाचणे त्याच्या सामर्थ्यापलीकडचे होते. पण डायल गेज लावून टेबल शंभर वेळा मागेपुढे करणे हे त्याच्या हातचे होते. त्याला पाव तास लागला असता. ती परीक्षा त्याने चकत्या विकल्यानंतर केली, विकण्याआधी केली नाही. मृग जवळ आला होता, गिऱ्हाईक दारात उभे होते, हप्ता थकला होता. घाई समजण्यासारखी होती.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला अज्ञानाचे दोन प्रकार शिकवले जात. एक अपरिहार्य अज्ञान: जे दूर करणे त्या माणसाला त्या परिस्थितीत शक्यच नव्हते. दुसरे परिहार्य अज्ञान: जे थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते. पहिल्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे. मात्र तो जाणूनबुजून केलेल्या अपराधाइतका नाही. या तरुणाचे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे, पण हलके. येथपर्यंत हिशेब सोपा आहे. खरा मुद्दा पुढे आहे. ज्या संध्याकाळी काटा अर्ध्या मिलिमीटरवर थांबला, त्या क्षणी त्याचे अज्ञान संपले. त्यानंतरचे मौन म्हणजे जुन्या चुकीचा शेष नव्हे; ती नवी कृती होय. नकळत झालेल्या हानीबद्दल माणूस फार बांधील नसेलही. पण ती हानी अजून टळण्याजोगी आहे हे कळूनही जो स्वस्थ बसतो, तो तेथपासून तिचा कर्ता होतो. पेरणी अजून व्हायची होती. म्हणून प्रश्न ‘चूक कोणाची’ हा उरला नव्हता. ‘आता कळले आहे कोणाला’ हा होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्या अकरा शेतांविषयी ठाऊक नव्हते. ड्रायव्हर विकणाऱ्याला नव्हते. यंत्राच्या पडद्यावर तर शून्य होते. ठाऊक होते ते एका माणसाला आणि त्याच्या पत्नीला; आणि आता मलाही.

*

यंत्रावर विसंबलेल्या माणसाचे काय होते, याचा एक दारुण दाखला आधुनिक इतिहासात आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे यंत्र कॅनडात बनले. त्याच्या आधीच्या यंत्रांत किरणांचा अतिरेक रोखणारे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काम सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड प्रमाणात किरण दिले गेले. त्यातून काही दगावले. रुग्ण भाजल्याचे सांगत असताना यंत्राच्या पडद्यावर मात्र तसे काही दिसत नव्हते. यंत्र वारंवार थांबून दोषाचा क्रमांक दाखवी आणि चालवणारे सवयीने कळ दाबून काम पुढे चालू करीत. पुढे असे आढळले की, तसाच दोष आधीच्या यंत्रातही दडलेला होता. पण तेथे तो अडसर असल्यामुळे फक्त फ्यूज उडे आणि माणूस वाचे.

यातील कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपली काळजी थोडी थोडी पुढच्यावर सोपवली होती आणि रांगेत शेवटी उभे होते ते एक यंत्र, ज्याला काळजी करता येत नाही. यंत्र आज्ञा पाळते. आपण दिलेला हुकूम म्हणजेच घडलेली गोष्ट असे ते मानून चालते. त्या तरुणाच्या मशीनला आपण कोठे आहोत हे पाहणारा डोळा नव्हता. किती ठोके पाठवले याची फक्त मोजदाद होती. अधिक किमतीच्या यंत्रांत प्रत्यक्ष जागा मोजून परत कळवणारी सोय असते. माणसातही ती सोय आहे. तिला आपण सदसद्विवेक म्हणतो. ती नसती तर आपणही केवळ आपल्या हेतूंची मोजदाद ठेवून म्हणालो असतो की, माझा आकडा तर शून्य आहे. माझा हेतू चांगला होता, असे आपण जेव्हा जेव्हा म्हणतो, तेव्हा काटा कोठे थांबला आहे हे जाऊन पाहण्याची गरज असते.

संत थॉमस अक्विनास यांनी कौशल्य आणि विवेक यांत एक मार्मिक भेद केला आहे. कौशल्याची दृष्टी बनवल्या जाणाऱ्या वस्तूच्या चांगलेपणाकडे असते; विवेकाची दृष्टी बनवणाऱ्या माणसाच्या चांगलेपणाकडे. म्हणून कारागिरीच्या दृष्टीने पाहता जो जाणूनबुजून वाकडे कापतो तो, नकळत वाकडे कापणाऱ्यापेक्षा, अधिक कुशल ठरतो. कारण त्याला सरळ कसे कापावे हे ठाऊक तरी असते. पण विवेकाच्या दृष्टीने हाच न्याय उलटतो: जाणूनबुजून चुकणारा अधिक वाईट. दोष शोधून काढीपर्यंत त्या तरुणाची परीक्षा कौशल्याची होती आणि तीन रात्री जागून तो तिच्यात उत्तीर्ण झाला. नंतरची परीक्षा दुसऱ्या विषयाची होती.

आणि माझी? मी ‘सांगून टाक’ म्हणालो, ते बरोबर होते. पण सत्याने कोणाचे नुकसान होत नाही असे जे म्हणालो, ते खोटे होते. सत्याने नुकसान होते. पुष्कळदा ते सांगणाऱ्याचेच होते. ते मान्य न करता उपदेश करणे म्हणजे स्वतः न मोजता दुसऱ्याला माप सांगणे. दोन दिवसांनी मी फोन केला आणि म्हणालो, “तुझे नुकसान होईल हे मी बोलायला हवे होते. ते होईल. तरीही पेरणीच्या आधी सांगितलेस तर त्यांचे वाचेल आणि तुझे जे जाईल ते मोजता येण्याजोगे असेल. नंतर कळले, तर ते कोणालाच मोजता येणार नाही.”

तो म्हणाला, “फादर, मी कालच सुरुवात केली. आठ झाले, तीन राहिलेत.”

*

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. कारण ती गोड नाही आणि कडूही नाही. मोटारसायकलवरून तो अकराही घरी गेला. नऊ चकत्या परत आल्या, त्यांच्या बदल्यात त्याने नव्या दिल्या. दोघांनी धूळपेरणी आधीच उरकली होती. त्यांपैकी एकाचे शेत बरे उगवले. तो हसला आणि म्हणाला, एवढ्यासाठी आलास होय? दुसऱ्याच्या शेतात तासे विरळ राहिली. ती चकतीमुळे की पावसाच्या ओढीमुळे, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो शेतकरी चिडला, भरपाई मागू लागला. काही रक्कम दोघांनी मिळून ठरवली आणि ती दिवाळीपर्यंत फेडली गेली. एका दुकानदाराने पुढची मागणी रद्द केली. नऊंपैकी दोघांनी आपल्या भावकीतील गिऱ्हाईक आणून दिले. जमा-खर्च मांडला तर त्या हंगामात तो तोट्यातच राहिला.

पण एक प्रश्न अजून शिल्लक होता आणि तो त्यानेच काढला. गावात दुसऱ्या एका वर्कशॉपवाल्याने तसेच जुने मशीन आणले होते आणि त्यावर तेच सॉफ्टवेअर बसवण्याची त्याची खटपट चालली होती. तो याचा स्पर्धक. आपण तीन रात्री जागून जे शोधले ते त्याला फुकट सांगावे काय? सॉफ्टवेअरचा परवाना याबाबत काही बंधन घालत नाही; तुम्ही सुधारलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिले तरच त्याचा मूळ मजकूरही द्यावा लागतो. स्वतःच्या शेडमध्ये वापरलेली अक्कल स्वतःजवळ ठेवण्याची मोकळीक आहे.

मला वाटते, येथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली, जिच्याशी कोणाच्या जीविताचा किंवा हातापायांचा संबंध आहे. त्या दुसऱ्या मशीनला आणीबाणीत बंद करण्याचे लाल बटन संगणकाच्या मार्फत जोडलेले होते. म्हणजे संगणक अडकला तर बटनही निकामी. ते बटन थेट विजेचा पुरवठा तोडणारे असावे, सॉफ्टवेअरवर विसंबलेले नसावे. ही गोष्ट सांगणे हा उपकार नव्हे, ते न्यायाचे देणे आहे. त्यात स्पर्धक आणि मित्र हा भेद नाही. दुसरी, चुकांचे ज्ञान: ते अवधीचे आकडे, ती शंभर वळणांची परीक्षा. हे न सांगितल्याने अन्याय होत नाही. पण ज्याला स्वतःला सगळे अनोळखी माणसांच्या औदार्यातून मिळाले, त्याने ते अडवून धरणे कृतघ्नपणाचे आहे. पाणपोईवर पाणी पिऊन रांजणावर झाकण टाकून जाण्यासारखे ते होईल. तिसरी, स्वतःच्या डोक्यातून काढलेली रचना, स्वतः बनवलेली साधने, स्वतः जोडलेले गिऱ्हाईक. ती त्याची आहेत. ती द्यावी, न द्यावी हा त्याचा प्रश्न; त्यावर त्याचे घर चालते. सर्व काही वाटून टाक असे सांगणे मोठे वाटते. पण मुलाबाळांच्या ताटातले वाढून दिले तर ते औदार्य नव्हे.

हा विचार आपल्या मातीत नवा नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतील मोठ्या कंपनीतील संशोधकाचे स्थान सोडून ते एका अवर्षणग्रस्त खेड्यात गेले आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवू लागले. मुलांनी शिकावे ते गावाला उपयोगी पडणाऱ्या खऱ्या कामातून, ही त्यांची धारणा होती. २००२ साली एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. संगणकनियंत्रित यंत्रे सामान्य माणसाच्या हाती देणाऱ्या अशा प्रयोगशाळांपैकी एमआयटीबाहेरील ती पहिली. कलबाग २००३ साली निवर्तले, त्यांची संस्था त्यांच्यामागे चालत राहिली. ज्या विद्येची सुरुवात हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून झाली, ती शाळा सुटलेल्या मुलापर्यंत पोचली, याचे कारण वाटेत कोणीतरी कोणालातरी ती हातचे न राखता दिली. ती साखळी कोठेतरी एका माणसाच्या शेडपर्यंत येते आणि पुढची कडी व्हायचे की नाही, हे त्याला ठरवावे लागते.

गेल्या महिन्यात मंठ्याला गेलो तेव्हा त्याच्या शेडमध्ये भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला दिसला. मराठीत, ठळक अक्षरांत दहा-बारा ओळी: मशीन सुरू करण्यापूर्वी काय तपासावे, ड्रायव्हरचा अवधी कोठे पाहावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, पहिला जॉब हवेत चालवून पाहावा, लाल बटन थेट विजेवर असावे. शेवटची ओळ होती, शंभर वळणे करून काटा बघ. त्या पुठ्ठ्याची एक प्रत रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपमध्येही लागली आहे, असे त्याच्या पत्नीने सांगितले. “आणि तो भाव पाडतो का अजून?” मी विचारले. “पाडतो ना,” ती म्हणाली. “पण परवा ह्यांचा ड्रायव्हर जळाला, तेव्हा त्यानंच स्वतःचा काढून दिला दोन दिवस.”

मशीन चालू होते. पडद्यावर आकडे धावत होते. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. वाकून डायल गेजच्या काट्याकडे पाहत होता.